गल्लीच्या चालू घडामोडी

लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर नवं परिपत्रक पडलं, की पुण्याच्या शास्त्री रस्त्यावरच्या टपऱ्यांवर पहिला चहा संपायच्या आत त्याची चिरफाड सुरू होते. मार्च २०२१मध्ये १४ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली, तेव्हा नवी पेठेतला हा रस्ता काही तासांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी भरून गेला होता. ऑगस्ट २०२४मध्ये बँकेची आणि आयोगाची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हाही तेच झालं आणि आयोगाला तारीख बदलावी लागली. सदाशिव, नवी आणि नारायण पेठेत बातमी पोहोचवण्याची यंत्रणा नाही, असं कुणी म्हणू नये. यंत्रणा आहे, वेगवान आहे, माणसं रस्त्यावर आणण्याइतकी ताकदवान आहे. तिच्यात गल्लीची बातमी मात्र नसते. गुरुवारी पाणी बंद आहे, समोरच्या बोळातला दिवा आठवडाभर गेलेला आहे, खालच्या मजल्यावरच्या आजींना डेंग्यू झाला आहे, यातलं काहीही विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर दिसत नाही.

गंमत अशी, की स्थानिक स्वराज्य संस्थांचं इतकं पाठांतर महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या वस्तीत सापडणार नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी ७४वी घटनादुरुस्ती, बारावी अनुसूची, तिच्यातले १८ विषय, प्रभाग समित्यांचं कलम २४३-एस, सगळं धडाधड येतं. पण आपली खोली महापालिकेच्या कुठल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत येते, असं विचारलं की समोरचा मोबाइल काढतो. सदाशिव पेठेचा बराचसा भाग कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाकडे येतो. तुमच्या इमारतीपुरती एकदा खात्री करून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, पण ड्रेनेज तुंबलं की येईल.

‘आपण काय, इथे तात्पुरते’ हे वाक्य पेठेत फार ऐकू येतं. एक अटेम्प्ट, दुसरा अटेम्प्ट म्हणता म्हणता चार-पाच वर्षं निघून जातात, म्हणजे नगरसेवकाची अख्खी मुदत. शिवाय तुम्ही गेलात तरी आठवड्याभरात तुमच्या भाड्याच्या कॉटवर दुसरा कुणी येतो. माणूस तात्पुरता असला तरी गल्लीच्या हिशेबात ती कॉट कायमची रहिवासी असते. पाणी, कचरा, जिना, पार्किंग या सगळ्यावर तिचा भार रोजच्या रोज पडतो. एका कुटुंबासाठी बांधलेल्या दोन खोल्यांत आठ कॉट लागल्या, की टाकी दुपारीच का रिकामी होते, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

याच पेठांत एकेकाळी गरीब मुलं माधुकरी मागून, वार लावून शिकली. १९०९मध्ये सुरू झालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, त्याच माधुकरीच्या आधाराने उभं राहिलं. त्या व्यवस्थेत लाचारी होती आणि जातीची भिंतही होती, तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण सोमवारचं जेवण कुणाकडे हे ठरलेलं असल्यामुळे घराला मुलगा माहीत असे आणि मुलाला घर. आता जागा एजंटकडून मिळते, डबा मेसमधून येतो आणि शेजारी कोण राहतं हे दोन वर्षांतही कळत नाही. ओळख करून घेणं हे आता स्वतंत्र काम झालं आहे आणि ते आल्या-आल्या पहिल्या आठवड्यात उरकावं. घरमालक काका-काकू तर झालेच, पण त्यांच्याखेरीज समोरच्या दारातलं एक घर, मेसवाल्या काकू, कोपऱ्यावरच्या गणेश मंडळाचा एखादा कार्यकर्ता, कचरा नेणाऱ्या ताई आणि जवळची पोलीस चौकी, एवढ्यांची ओळख असली तरी पुरे. खोलीच्या दारामागे एक कागद चिकटवा: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१, घरमालकांचा नंबर आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या गावाकडचा एकेक नंबर. रूम पार्टनर तापाने फणफणलेला असताना त्याच्या मोबाइलचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

आता बातमीकडे येऊ. अभ्यासिकेतल्या वर्तमानपत्राची दुपारपर्यंतची अवस्था पाहण्यासारखी असते. संपादकीय पान कुणीतरी कापून नेलेलं, अर्थविषयक पानावर पिवळ्या हायलायटरचे पट्टे, आणि शहराचं पान कोरं करकरीत, घडीही न मोडलेलं. पाणीकपात, वाहतुकीतले बदल, खड्डे, निविदा, धरणसाठा हे सगळं त्याच घडीत असतं. रोज पाच मिनिटं पुरतात. दुसरी जागा म्हणजे मंडळांचे वार्ताफलक. चौकाचौकांत उभे असलेले हे काळे फळे जुनाट वाटतात खरे, पण रक्तदान शिबिर, कुणाचं निधन, लसीकरण, पाणी कधी येणार, ही बातमी तिथे खडूने लिहिलेली असते आणि लिहिणारा माणूस कोपऱ्यावरच उभा असतो. ज्याला जाऊन विचारता येतं, असा बातमीचा स्रोत दुर्मीळ झाला आहे.

या शहरात पाण्याच्या दोन बातम्या वाचता यायला हव्यात. पहिली कपातीची. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असेल तर पुण्यात तो दिवस बहुतेक वेळा गुरुवार असतो, आणि सूचनेच्या शेवटच्या ओळीत ‘दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही, म्हणून भांडण गुरुवारी न होता शुक्रवारी सकाळी सात वाजता बाथरूमबाहेर होतं. दुसरी बातमी विसर्गाची. खडकवासल्यातून अमुक हजार क्युसेक पाणी सोडलं, म्हणजे सेकंदाला त्याच्या २८ पट लिटर मुठेत आलं. विसर्ग वाढत गेला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि डेक्कनकडून नारायण पेठेत यायला वळसा पडतो. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं आणि त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवायला गेलेल्या तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. पाणी सोडल्याचं आम्हाला वेळेवर कळलंच नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. पावसाळ्यात नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्याने रात्री झोपण्याआधी विसर्गाचा आकडा पाहावा, आणि पाण्यात उभ्या असलेल्या खांबाला, टपरीला, मीटरच्या पेटीला हात लावू नये.

मिळालेली बातमी पुढे पाठवताना तिथेही चालू घडामोडींचीच शिस्त लावा. नोट्स काढताना तुम्ही तारीख, ठिकाण आणि स्रोत लिहिता. ग्रुपवर मात्र ‘अर्जंट, सगळीकडे पाठवा’ एवढ्यावर भागतं. जानेवारी २०२५मध्ये गुइयां-बारे सिंड्रोमचे रुग्ण प्रामुख्याने सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात सापडत होते. ‘पुण्यात साथ’ एवढाच निरोप फिरवला तर सगळं शहर हादरतं आणि पाणी उकळून प्या, अर्धंकच्चं खाऊ नका हा नेमका सल्ला त्या गोंधळात हरवतो. अफवेची किंमत याहून मोठी असू शकते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्यांच्याकडे संशयाने पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, की आपण गावाचं रक्षण करतो आहोत.

चांगला निरोप कसा दिसतो? असा: ‘शनिवार, १४ जून, सकाळी ७. भिकारदास मारुतीच्या मागच्या बोळात विजेची तार लोंबकळते आहे. मी स्वतः पाहिली. महावितरणला कळवलं, तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे. दुसऱ्या बाजूने जा.’ कुणी पाहिलं, कधी, कुठे, पुढे काय केलं, वाचणाऱ्याने काय करायचं, हे सगळं त्यात आलं. तार काढल्यावर ‘११.३० वाजता तार काढली, रस्ता मोकळा’ हा दुसरा निरोपही टाका. ही दुसरी पायरी शंभरातला एखादाच चढतो, आणि म्हणून जून महिन्यातली तार ऑगस्टपर्यंत ग्रुपांवर लोंबकळत राहते.

काही बातम्या पुढे पाठवायच्याच नसतात. परीक्षेच्या निकालानंतर कुणी जीव दिल्याची बातमी या वस्तीत येते तेव्हा नाव, फोटो, चिठ्ठी, कसं केलं याचा तपशील, यातलं काहीही फिरवू नका. त्या ग्रुपवर त्याच निकालात नापास झालेली आणखी कितीतरी मुलं असतात. त्याऐवजी जेवायला न येणाऱ्या, दिवसदिवस खोलीचं दार न उघडणाऱ्या मित्राकडे जाऊन बसा, त्याला सरळ विचारा. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. फोन कोणत्याही वेळी करता येतो आणि मराठीत बोलता येतं. दारामागच्या कागदावर तोही हवा.

रस्त्यावर काही घडलं तर काय करायचं, याचं उत्तर या पेठेने स्वतःच दिलेलं आहे. २७ जून २०२३च्या सकाळी पेरूगेटजवळ कोयता घेऊन एका तरुणीमागे धावणाऱ्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी अडवलं, तेव्हा आसपास पाहत उभे असलेले लोक कमी नव्हते. जवळच्या पोलीस चौकीत त्या वेळी कुणीच नव्हतं, यावरून पुढे पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. कोयत्यापुढे प्रत्येकाने उडी घ्यावी असं मी म्हणणार नाही, तो सल्ला देणं सोपं असतं. पण मोठ्याने ओरडणं, ११२ला फोन लावून नेमका चौक सांगणं, दुकानाचं किंवा अभ्यासिकेचं दार उघडून पळणाऱ्या माणसाला आत घेणं, हे कुणालाही जमतं. रात्री अकरा-बाराला अभ्यासिकेतून परतणाऱ्या मुलींसाठी कुठला बोळ अंधारा आहे, हे मुलींनाच विचारा आणि तो दिवा लागेपर्यंत तक्रारीचा पाठपुरावा करा. अपघातात मदत करायला लोक कचरतात ते पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीने. मोटार वाहन कायद्यात २०१९ला आलेल्या कलम १३४-ए ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

अपघात टाळण्याचाही भाग आहे. ३१ मे २०२५च्या संध्याकाळी भावे हायस्कूलजवळ चहा पीत उभ्या असलेल्या माणसांत मोटार घुसली आणि बारा जण जखमी झाले. त्यांत बरेच विद्यार्थी होते. दोष मोटार चालवणाऱ्याचा, यात शंका नाही. तरीही अमृततुल्यासमोर अर्धा रस्ता अडवून तासभर चालणारी चर्चासत्रं भिंतीच्या कडेला न्यावीत, दुचाक्या पदपथावर लावू नयेत, एवढं आपल्या हातात आहे. पदपथच नाही, असं असेल तर ती लेखी तक्रारीची गोष्ट आहे.

सगळ्यात जास्त भांडणं कचऱ्यावरून होतात, आणि इथे मुलांची बाजू लंगडी आहे. सकाळी जिन्याखाली कचरा वेगळा करणाऱ्या ताईंजवळ एकदा उभे राहा. गाठ मारलेली काळी पिशवी त्या सोडतात. आत चंदेरी पाकिटात उरलेली अंडाकरी, तिच्यात बुडालेले कागदी कप, कपांखाली दाढीचं ब्लेड आणि वर्तमानपत्रात न गुंडाळलेला सॅनिटरी पॅड. हे सगळं हाताने वेगळं करायचं. पुण्यात हे काम ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य महापालिकेशी झालेल्या करारानुसार करतात आणि त्यांची मिळकत बरीचशी सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून येते. रस्सा सांडलेलं पुठ्ठ्याचं खोकं विकलं जात नाही. म्हणजे तुमच्या आळसाचे पैसे त्यांच्या खिशातून जातात. खोलीत दोन डबे ठेवा, ओला आणि सुका. पार्सलची पाकिटं विसळून सुक्यात टाका. पॅड, ब्लेड, इंजेक्शनची सुई कागदात गुंडाळून वर लाल पेनाने ठिपका काढा, म्हणजे उघडायच्या आधी कळतं. महिन्याचं शुल्क घरमालक देतो की तुम्ही, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. दोघंही ‘ते देतात’ म्हणतात आणि ताईंना कुणीच देत नाही, हे पेठेत सर्रास चालतं. पावसाळ्यात आणखी एक: बादल्या, पिंप, कूलरचा ट्रे आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडा करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि पाणी जाईल या भीतीने भरून ठेवलेली पिंपं आपल्या खोल्यांइतकी कुठेच नसतात.

जागा घेताना भाड्याच्या आकड्याखेरीज दोन कागदांकडे पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं, मालकांना मात्र असतं. दुसरा कागद म्हणजे भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोच. तिच्याबद्दल कुरकुर करू नका. काही घडलं तर तुमच्या घरच्यांपर्यंत पोहोचायचा तो एक रस्ता असतो.

अभ्यासिकेचं शुल्क भरण्याआधी खुर्ची आणि वायफाय पाहता, तसा जिना पाहा. दिल्लीत जून २०२३मध्ये मुखर्जीनगरच्या कोचिंग इमारतीला आग लागली तेव्हा मुलं खिडकीतून दोराला धरून उतरली. जुलै २०२४मध्ये ओल्ड राजेंद्रनगरात तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, जिन्यात दुचाक्या आणि खोकी रचली आहेत का, एका बोर्डावर किती एक्स्टेन्शन लटकली आहेत, खिडकीला कायमची जाळी ठोकली आहे का, तळघरात बसवत आहेत का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार, जिथे अग्निसुरक्षा यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे तिथे ती चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. मालकाला ते दाखवायला सांगा. एकट्याने विचारलं तर ‘दुसरीकडे बघ’ असं उत्तर येईल. तीस जणांनी सही करून विचारलं तर तसं म्हणणं त्याला परवडत नाही. परीक्षेच्या तारखेसाठी एकत्र येता, मग जिन्यासाठी का नाही?

तक्रारीची रीत सोपी आहे. आधी महापालिकेच्या ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात नोंदवा आणि क्रमांक घ्या. मुदतीत काम झालं नाही तर तोच क्रमांक लिहून लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत ठेवा. त्यानंतर मोहल्ला समितीच्या बैठकीत तो विषय मांडा. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी. पहिल्याच दिवशी तो ठोकून अधिकाऱ्याला शत्रू करण्यात हशील नाही. उद्या त्याच खुर्चीत बसायची तुमची तयारी चालू आहे, तेव्हा फाइल कुठे अडते हे या निमित्ताने दिसेल. आणखी एक दार फारसं कुणी वाजवत नाही. २००६पासून पुणे महापालिका पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोटी कामं सुचवून घेते. बाक, दिवे, पदपथ, स्वच्छतागृह यांसारख्या कामांचे अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात. मुलींसाठी स्वच्छतागृह नाही अशी ओरड शास्त्री रस्त्यावर वर्षभर चालते. ती एका अर्जात उतरवायला हरकत नाही.

मतदानाचं काय? मार्च २०२२पासून जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत या शहरात नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. एवढा काळ गल्लीचं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं हा प्रश्न पेठेला पडला, विद्यार्थ्यांना तो जाणवलाही नाही, कारण बहुतेकांची नावं गावाकडच्या यादीत. शिक्षणासाठी बाहेर राहणारा विद्यार्थी गावचा पत्ता ठेवू शकतो किंवा राहत्या जागेचा देऊ शकतो, मात्र नाव एकाच ठिकाणी हवं. नवीन नोंदणीला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. कुठे ठेवायचं हे तुम्ही ठरवा. ग्रामपंचायतीत तुमच्या मताने खरंच फरक पडत असेल तर तिथेच ठेवा, पण मग मतदानाला गावी जा.

आवाजाबद्दल दोन्हीकडून ओरड असते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणांच्या काही ठराविक दिवशी सरकार ती बाराला सुरू करतं. मिरवणुकीचा ढोल कानावर आदळत असताना नियम ऐकायला कुणी रिकामं नसतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी उत्सवाच्या पंधरा दिवस आधी बोला, मुख्य परीक्षेची तारीख सांगा, सरावाची वेळ बदलून मिळते का बघा. आणि विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे रस्ते बंद असतात, हे धरूनच परीक्षा केंद्रावर जायचं नियोजन करा. तुमच्या गच्चीवरचा निकालाचा जल्लोष रात्री दोनला चालतो, त्यालाही हाच नियम लागू आहे.

पेठेतल्या कायम रहिवाशांसाठीही थोडं. ‘येथे मुलांनी कचरा टाकू नये’ अशी पाटी लावण्यापेक्षा गाडी किती वाजता येते ते लिहा, मुलाला उपयोग होईल. बारा कॉटचं भाडं घेणाऱ्याने बारा माणसांची टाकी बसवावी. आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘वरच्या मजल्यावरची पोरं’ असा उल्लेख करण्याआधी त्यांच्यातल्या एकाला त्या ग्रुपात घ्या. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. वीज, आधार, पेन्शनचे ऑनलाइन अर्ज भरून देणारी इतकी हुशार पोरं शेजारात असताना सायबर कॅफेत रांग लावणारे आजोबा पाहिले, की दोन्ही बाजूंची कीव येते.

खोली सोडताना चार कामं असतात. करार संपल्याचं मालकाकडून लेखी घ्या, मतदार यादीत इथला पत्ता असेल तर तो बदला, गल्लीच्या ग्रुपचं ॲडमिनपद मागे राहणाऱ्याला द्या आणि सामानाची विल्हेवाट लावा. जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात विकता येतात किंवा ज्युनिअरला देता येतात. गादी मात्र शेवटच्या रात्री कोपऱ्यावर टाकून पहाटेची एसटी पकडायची नाही. ती पावसात भिजते, रोजच्या कचऱ्यात ती कुणी उचलत नाही आणि पुढचे कित्येक दिवस तिच्यावर कुत्री झोपतात. तुमच्या कॉटवर येणाऱ्या मुलाला आधी विचारा. गावाहून नुकताच आलेला असेल तर बहुधा तोच घेईल.